मावशीची सोंड आणि बॅटरीची उंची

मी बॅटरीच्या खणाची लांबी मोजली, रुंदी मोजली आणि उंची मोजली नाही.

या प्रवासात पुढे जे घडलं त्याचं मूळ एवढंच आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. बाकीचा मजकूर म्हणजे माझ्या शोभेचा तपशील. तो मीच लिहायला बसलोय, कारण वैजू सांगते तेव्हा त्यात आणखी दोन-तीन गोष्टी घालते, आणि त्या दुर्दैवाने खऱ्या असतात.

वैजू माझी बायको. आम्ही पुण्याचे. आमच्याकडे जीपच्या मागे जोडून ओढायची एक छोटी कॅम्परगाडी आहे. दोन चाकं, आत दोन माणसं ऐसपैस आणि तिसरं भांडत झोपेल एवढी जागा, एक ओटा, एक बुटका फ्रिज आणि दिवे. मी तिला कॅम्पर म्हणतो. वैजू शेपूट म्हणते. आमच्या सोसायटीचा वॉचमन अजून विचारतो, "साहेब, कुल्फी कधी चालू करताय?"

हैदराबादला जायचं कारण इंदूमावशी. ही वैजूची सख्खी मावशी. जामबागेकडच्या एका मराठी शाळेत जन्मभर शिकवून आता नल्लकुंट्याला मुलाकडे असते. मुलगा श्रीनिवास, म्हणजे श्रीनू, संगणकाच्या कंपनीत आहे. मावशीचं माहेर मांजरेच्या काठचं. सिंगूरचं धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. "माहेर बुडलं, सासर तेवढं कोरडं राहिलं," हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या पाण्याकाठी एक रात्र राहायचं आणि सकाळी सूर्य उगवताना गाव होतं ती जागा बघायची, एवढी तिची इच्छा. अडचण एकच. झोपेत मावशीचा श्वास अडकतो, म्हणून तिला रात्री नाकावर मास्क आणि त्याला नळी लावलेलं एक यंत्र लागतं. मावशी त्याला सोंड म्हणते. सोंडेला रात्रभर वीज हवी. धरणाकाठी वीज कुठून आणणार?

फोनवर हे ऐकलं आणि मी वैजूच्या हातातून फोन घेतला. "मावशी, आमच्या कॅम्परमध्ये बॅटरी आहे! थेट पाण्याच्या कडेला झोपवतो तुम्हाला."

फोन ठेवायच्या आत मावशीने अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

नल्लकुंटा

सोलापूर, उमरगा, जहीराबाद. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, फक्त श्रीखंडाबद्दल आहे. मावशीसाठी खास पुण्याहून नेलेलं श्रीखंड उमरग्याच्या मुक्कामानंतर सकाळी बघितलं तर पातळ होऊन फ्रिजबाहेर निघालं होतं. दिवे विझलेले, फ्रिज गप्प. "उन्हाने झालं असेल," मी म्हणालो. वैजू म्हणाली, "रात्री?"

झालं होतं असं की जीपमधून निवृत्त झालेली जुनी बॅटरी मी कॅम्परमध्ये बसवली होती. चांगली होती, टाकवेना. आता समजलं ते सांगतो. गाडी सुरू करायची बॅटरी म्हणजे लोटा. एका दमात भसकन ओतायचा, इंजिन सुरू, की लगेच पुन्हा भरून ठेवायचा. रात्रभर काही चालवायचं तर रांजण लागतो, वाटी-वाटीने तळापर्यंत उपसला तरी न कुरकुरणारा. त्याला डीप सायकल बॅटरी म्हणतात. मी लोट्याला रांजणाचं काम लावलं होतं.

नल्लकुंट्यातली ती गल्ली जुनी आणि अरुंद. शेपटीसकट उलटं जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की शेपूट डावीकडे जाते, हे मला पाठ आहे, फक्त वेळेवर आठवत नाही. गल्लीतले सगळे मदतीला बाहेर आले. "आने दो, आने दो, आने दो," असा एकमुखी गजर झाला आणि मी शेवग्याच्या झाडावर गेलो. पुण्यात अशा वेळी एक तरी माणूस "जमत नाही तर आणता कशाला?" म्हणाला असता. इथे झाडाचा मालक म्हणाला, "कुछ नै हुआ साब, पेड़ इच टेढ़ा है."

मावशी दारात भाकरतुकडा घेऊन उभी. माझ्यावरून ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. "या जावईबापू, या. लई परेशान झालात की काय!"

आणि त्या क्षणापासून मी त्या घरात माणूस राहिलो नाही, जावई झालो. पाटावर पहिलं ताट माझं. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, वर तेलात परतलेल्या लाल मिरच्या, चिंचेची आंबट डाळ. मी म्हणालो आंबाडी सुरेख, तर वाटीभर आणखी आली. मी म्हणालो पुरे, तरी आली. आमच्याकडे 'पुरे' या शब्दाला काही किंमत आहे. इथे तो नुसताच लाजण्याचा प्रकार समजतात.

जेवल्यावर श्रीनूने अट घातली. तो मला दाजी म्हणतो आणि मान राखून बोलतो, पण या बाबतीत हटला नाही. "दाजी, लाइट लेलो, मनावर नका घेऊ, पण अम्माचा सवाल आहे. पहिले घरासमोर चालवून दाखवा. सोंड बॅटरीवर पूरी रात टिकली तर सिंगूर. नाही टिकली तर प्लॅन कॅन्सल."

मावशीने सिंगूरला न्यायची पिशवी आधीच भरून दाराशी ठेवली होती, तिच्याकडे तेवढं बघितलं.

उजाडल्याबरोबर जुनी बॅटरी भरायला लावली, दुपारी रिकामी सोंड तिला जोडली आणि आम्ही आत जाऊन पडलो. चार वाजताच्या चहाला उठलो तर सोंड बंद.

"नवीन आणू," मी म्हणालो. "आता डीप सायकलच." आणि टेप घेऊन शेपटीत शिरलो. बिछान्याच्या फळीखाली बॅटरीचा खण आहे. लांबी घेतली. रुंदी घेतली. तेवढ्यात मावशीने खिडकीतून गरम भज्यांची बशी पुढे केली.

सुलतान बाजार

दुसऱ्या दिवशी तिघं बाहेर पडलो. सुलतान बाजारात शिरलं की चालणं आपल्या हातात राहत नाही. मागून येणारी गर्दी ठरवते कुठे थांबायचं, आणि ती नेमकी बांगड्यांपाशी आणि साड्यांपाशी थांबते. वैजू एका कापडाच्या दुकानाशी थांबली. "माप घेतलंय ना नीट?"

"अगं, इंजिनिअर आहे मी."

"म्हणूनच विचारलं," म्हणून ती आत गेली.

श्रीनू मला मागच्या गल्लीत खालेदभाईंच्या दुकानात घेऊन गेला. खालेदभाई म्हणजे पांढरा कुर्ता, मेंदीची दाढी, समोर बॅटऱ्यांची रांग आणि त्यांच्यामध्ये चहाचे कप. श्रीनूने ओळख करून दिली. "भाई, ये हमारे घर के दामाद हैं. पूना से आए."

आता कळतं, घात तिथेच झाला. खालेदभाई उठून उभे राहिले. खुर्ची पुसली. चहा मागवला, त्यावर उस्मानिया बिस्किटं मागवली. पुण्यातल्या दुकानात मी शिरतो तेव्हा मालक आधी माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जणू मी चूक करायलाच आलोय. त्या नजरेने मला आजवर किती चुकांपासून वाचवलंय ते इथे समजलं.

चहा पिता पिता मी त्यांना डीप सायकल बॅटरी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. होय, बॅटरीच्या दुकानदाराला. लोटा, रांजण, सगळं. ते प्रत्येक वाक्याला "जी, बिल्कुल" म्हणत होते.

मग त्यांनी माल दाखवला. एक बंद पेटीतली मध्यम बॅटरी. एक लिथियमची, दिसायला लहान, महाग. आणि कोपऱ्यात घरच्या इन्व्हर्टरला लावतात तसली उंच, काळी, धिप्पाड. तिला बघताक्षणी मला रांजण आठवला.

"ही," मी म्हणालो.

खालेदभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "अच्छी है साब, बहुत अच्छी है. घर के लिए तो लाजवाब. गाड़ी में... आप नाप तो देख लिए होंगे?"

"सब देख लिया."

"ऊँचाई भी?"

"भाईसाब, इंजिनिअर हूँ."

"फिर तो क्या बात है," ते म्हणाले. श्रीनूला खोकला आला. मला वाटलं बाजारातली धूळ.

तिला रिक्षात चढवायला तीन माणसं लागली. रिक्षावाल्याने बॅटरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि "दामाद हैं," असं खालेदभाईंनी म्हणताच त्यानेही तोंड मिटलं.

पुन्हा नल्लकुंटा

घरी आल्यावर मावशीने नव्या वस्तूला हळदकुंकू लावलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. मग आम्ही ती खणात उतरवली. लांबीला बसली. रुंदीला तर अशी बसली की जणू मापून घेतलेली, आणि ती होतीच मापून घेतलेली. उंचीला मात्र ती खणातून छातीपर्यंत वर आली आणि बिछान्याच्या मधोमध बसून राहिली, पाहुण्यासारखी.

कोणी हसलं नाही. हेच भयंकर होतं.

"चांगली आहे," मावशी म्हणाली.

"सॉलिड आहे, दाजी," श्रीनू म्हणाला.

मी म्हणालो, फळीला भोक पाडू. वैजू म्हणाली, मावशी भोकात झोपणार? मी म्हणालो, पुढे शेपूट जीपला जोडतात तिथल्या दांड्यावर ठेवू. तसं करून बघितलं तर जीपचा मागचा भाग खाली बसला आणि तोंड आभाळाकडे गेलं. मी म्हणालो, मग आत मावशीच्या उशाशी बांधू. इथे मात्र श्रीनूला राहवलं नाही. "दाजी, पाण्याची बॅटरी आहे, ॲसिड आहे आत. चार्ज होताना गॅस निघते. बंद खोलीत, अम्माच्या नाकाजवळ? नक्को दाजी."

मावशी उठली, दारातली पिशवी उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. श्रीखंड, शेवगा आणि बॅटरी तिन्ही मिळून जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्या पिशवीने वाटली.

वैजूने साडीची पिशवी कोपऱ्यात ठेवली. "चला. मी येते दुकानात."

खालेदभाईंनी परत आलेली बॅटरी बघितली, तिच्यावरचं हळदकुंकू बघितलं आणि म्हणाले, "अरे, मुबारक! पूजा भी हो गई!" पुन्हा चहा मागवायला लागले. वैजूने हात जोडून थांबवलं.

"भाई, चाय बाद में. मैं इस घर की लड़की हूँ, दामाद नहीं. मेरी मौसी को रातभर एक मशीन और एक छोटा बल्ब, बस. आपकी अपनी बहन होती तो कौनसी देते?"

खालेदभाईंचा चेहरा असा मोकळा झाला की काय सांगू. मघापासून कोंडलेला माणूस सुटला.

"बहनजी, ये लिथियम वाली. वज़न में हल्की, पकड़ के देखो आप. गैस नै, पानी डालने का झंझट नै. लगभग पूरी खाली करो तो बी बुरा नै मानती. वो बड़ी वाली को आधे पे रोकना पड़ता, नै तो जल्दी मरती. और मशीन को सीधा बारह वोल्ट का तार लगाव, बीच में इन्व्हर्टर नक्को, वो बैठे-बैठे करंट खाता. चार्जर बी इसका अलग आता, पुराने वाले से नक्को भरो. और फ्रिज बंद."

"मघाशी हे का नाही सांगितलंत?" मी मराठीतच विचारलं, इतका कळवळून की त्यांना समजलं.

त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "साब, आप दामाद हैं. कैसा बोलते?"

मी श्रीनूकडे वळलो. "तुला कळलं होतं?"

"दाजी, मी खोकलो ना."

घरी येऊन मी मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी बघत होते की खिडकीतून. उंची नाही घेतली तुम्ही. पण जावयाला कसं टोकायचं? म्हणून भजी दिली, म्हटलं खाता खाता आठवंल."

लिथियमवाली खणात अशी गेली की वर पांघरुणं ठेवायला जागा उरली. त्या रात्री मावशी गल्लीतच, घरासमोर उभ्या शेपटीत झोपली. सकाळी अर्धी गल्ली दूध घ्यायच्या निमित्ताने जमली होती. दार उघडलं. मावशी सोंडेसकट बसलेली, सोंड चालू. तिने मास्क काढला आणि जाहीर केलं, "टिकली." शेवग्याच्या मालकाने टाळ्या वाजवल्या.

पिशवी पुन्हा दाराशी आली.

सिंगूर

श्रीनू धरून आम्ही चौघं निघालो. संगारेड्डी सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सीताफळांच्या पाट्या. मावशी प्रत्येक पाटीपाशी गाडी थांबवायला लावून फळं दाबून बघायची आणि विकणाऱ्या बाईशी तेलुगूत भांडायची. घेतलं मात्र एकाच ठिकाणी. जोगीपेठेला चहा प्यायलो. तिथून पुढे कापसाची पांढरी रानं सुरू झाली, आणि मग एकदम एवढं पाणी, की पलीकडचा काठ शोधावा लागतो.

पाण्यापासून जरा वर, मासे धरणाऱ्यांच्या झोपड्यांशेजारी जागा मिळाली. मल्लय्या नावाचे गृहस्थ तिथे जाळं विणत बसले होते. मावशीने तिच्या बुडालेल्या गावाचं नाव सांगितलं तर ते म्हणाले, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं टोक दिसतं. मावशी म्हणाली, ते मारुतीचं, त्याच्या मागे आमची चिंच. बराच वेळ दोघं हातवाऱ्यांनी पाण्यावर घरं मांडत होते, इथे वेस, इथे आड. मला भाषा येत नाही, पण गाव जवळजवळ दिसलं.

रात्रीला भाकरी, लसणाची चटणी आणि भाजलेली वांगी. गोडाला मी हैदराबादहून खुबानीचा मीठा आणला होता, जर्दाळूचा तो दाट पाक, आणि त्यावर घालायला साय. आता सांगायचं ते हे, की खुबानी गारच हवी. वैजूने फ्रिज बंद करायला लावला होता. मी पूर्ण आज्ञेत होतो. नव्या बॅटरीला फ्रिजचा स्पर्शसुद्धा होऊ दिला नाही. फ्रिजची वायर मी गुपचूप जीपला जोडली.

सकाळी जाग आली ती वैजूच्या हाकेने. मावशी शेपटीच्या पायरीवर शाल गुंडाळून बसलेली होती. आत सोंड अजून चालू होती, मावशीने मुद्दामच बंद केली नव्हती, मला दाखवायला. पाण्यावर धुकं होतं, त्यात मल्लय्यांची होडी अर्धी दिसत होती अर्धी नाही. मग सूर्य वर आला आणि सगळं पाणी एकदम तांबडं झालं. मावशीने बोट केलं. "तिथं. चिंचेच्या जरा इकडं." वैजू तिच्या शेजारी जाऊन बसली. मी माझ्या बॅटरीकडे बघितलं. निम्म्याहून जास्त भरलेली होती. त्या क्षणी मी स्वतःवर फार खूश होतो हे नोंदवून ठेवतो, कारण ते पुढे टिकलं नाही.

सायीसकट गारेगार खुबानी खाल्ली. "एवढी गार कशी हो?" वैजूने विचारलं. मी म्हणालो, पहाटेची थंडी.

निघायच्या वेळी जीपची किल्ली फिरवली. जीप म्हणाली, "टिक." पुन्हा फिरवली. या वेळी तेही म्हणाली नाही.

मी चार दिवस ज्याला त्याला लोटा आणि रांजण समजावून सांगत होतो. आणि रात्रभर लोट्यातून उपसत राहिलो. श्रीनूने वाकून वायरचा माग काढला, जीपपासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून रिकाम्या खुबानीच्या डब्यापर्यंत.

"होतं असं, दाजी," तो म्हणाला. खोकलासुद्धा नाही.

मी म्हणालो, नवी बॅटरी काढून तिने सुरू करू. वैजू म्हणाली, "खालेदभाईंना विचारलंत?" फोन लावला. पलीकडून आवाज आला, "साब, आप दामाद हैं, मगर नक्को. वो इंजन खींचने के वास्ते नै बनी. धक्का मारो."

शेपूट सोडवली. मल्लय्यांनी चार माणसं हाकारली. धक्का मारता मारता त्यांतला एक हसत हसत काहीतरी म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. मावशीने उत्तर दिलं, त्यातला एकच शब्द मला समजला, 'अल्लुडु'. म्हणजे जावई. तत्क्षणी तो माणूस गंभीर झाला, मान लववली आणि निमूट ढकलायला लागला. तीन भाषा झाल्या, नियम एकच.

तिसऱ्या धक्क्याला जीप सुरू झाली. मी घाम पुसत, सगळ्यांचे आभार मानत मावशीपाशी आलो. ती तिची पिशवी मांडीवर घेऊन शेपटीच्या पायरीवर बसली होती. मल्लय्या तिला सांगत होते, उन्हाळ्यात या, देऊळ दिसेल. मावशीने हो म्हटलं. मग माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वैजूकडे वळली.

"वैजू, उन्हाळ्यात पुन्हा यायचंय आपल्याला. बॅटरी तेवढी घेऊन ये. ह्यांना नाही आणलंस तरी चालतंय."